शिवलेले रोजे

"ते खोटं असतं, आत्या," जिनान म्हणाली आणि तळहातावरची वाळलेली मेंदी नखाने खरवडत राहिली. एवढंच. नऊ वर्षांची पोर, रात्री मेंदीचे हात फडक्यात बांधून झोपलेली, सकाळी उठून सहज बोलावं तसं बोलून गेली. तामूच्या हातातली सुई मात्र थांबली. रमजान संपत आला होता. आज संध्याकाळी जिनानचा पहिला पूर्ण रोजा सुटणार होता, तिला नवरीसारखं नटवून उंच खुर्चीवर बसवायचं होतं, आणि घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तामूने आपलं कौतुकाने म्हटलं होतं की, चला, आता तुझे रोजे शिवायला नकोत, यम्माला आता माझ्या एकटीचेच शिवावे लागतील. त्यावर ही म्हणे, खोटं असतं. अर्धा रोजा म्हणजे रोजाच नव्हे, शाळेतल्या बाईंनी सांगितलंय. आज दुपारपर्यंत आणि उद्या दुपारनंतर, असे दोन अर्धे कुणी जोडत नसतं, लहान मुलांची समजूत काढायला आया तसं सांगतात. मग तिने मान वर केली आणि खरोखरच नवल वाटून विचारलं, "तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. तामूला माहीत नव्हतं, आणि तामू चौतीस वर्षांची होती. कानशिलावर पांढरे केस आले होते, जिना चढताना गुडघा कुरकुरत होता, आणि या गल्लीतल्या शेंबड्या पोरांना जे दोन वर्षांत कळून चुकतं ते तिला कळलं नव्हतं. यम्माच्या, म्हणजे तामूच्या आईच्या छातीशी, अंगरख्याच्या कापडात, कायम दोरा ओवलेली एक सुई टोचलेली असे. रमजानात रात्री झोपताना ती सुई काढायची, तामूच्या सदऱ्याची कड दोन बोटांत धरायची, ही कालची बाजू, ही आजची, असं म्हणत एक टाका घालायची, दोरा दातांनी तोडायची आणि म्हणायची, झाला बघ एक सबंध दिवस. शिवण दिसणार नाही ना वर, असं तामू विचारायची. यम्मा म्हणायची, माझी शिवण कुणाला दिसली आहे आजवर? हे तामू सात वर्षांची असताना सुरू झालं आणि थांबलंच नाही. तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ अब्दुलहक पांढरा पायघोळ जेलाबा घालून घोड्यावर बसला, गल्लीभर मिरवला, त्याचा पहिला रोजा झाला म्हणून. तामूने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, मुलग्यांचं तसं असतं. मग मामाच्या मुली खुर्चीवर बसल्या. तिला वाटलं, मामाकडची रीत असेल. मग समोरची, मग तिच्या पाठची. प्रत्येक वेळी तिने एक कारण शोधून काढलं. न कळलेल्या गोष्टीला कारण शोधून द्यायची तिला सवयच होती, नाहीतर दिवस ढकलायचा कसा माणसाने.

आपल्याला आता रडू येईल असं तिला वाटलं. ती वाट पाहत राहिली. पण रडू आलंच नाही, आलं ते दुसरंच काहीतरी. पोटातून निघून कानांपर्यंत गरम गरम चढत गेलं. इतका राग तिला कधी आला नव्हता, किंवा आला असेल तर तिला तो येऊ दिला नव्हता. तामू रागावली की घरात लगेच कुणीतरी खडीसाखर आणायचं. हिला दुखतंय का बघा, झोप झाली नसेल, असं म्हणायचं. तिच्या रागाचं कारण नेहमी तिच्या पोटात नाहीतर झोपेत सापडायचं, समोरच्या माणसात कधी नाही. जिनान घाबरून तिच्याकडे बघायला लागली होती. तामूने हातातली अर्धवट रेशमी गुंडी डबीत टाकली, डबी ओढणीखाली घेतली, आणि कुणाला न सांगता कारखान्याची वाट धरली.

गल्लीत सकाळी सकाळी नेहमीचंच झालं. खजूरवाल्याने दुकानाची फळी उघडता उघडता मानाने हाक मारली, "लल्ला तामू, जरा हात लावून जा गं आधी." रोज ती हात लावायची. तामूचा हात बरकतीचा, असं सगळे मानत. तान्ही बाळं तिच्या मांडीवर देत, परीक्षेला निघालेली पोरं वाकून तिचा हात आपल्या डोक्याला लावून घेत. तिला ते आवडायचंसुद्धा. खोटं कशाला बोला, फार आवडायचं. आज ती थांबली, खजुरांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि हात न लावता पुढे गेली. मागून तो म्हणाला, आज बाईसाहेबांची स्वारी नाराज दिसते, आणि कुणीतरी हसलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे तिला कळत होतं. वाईट नसतं म्हणूनच त्याला काही म्हणता येत नाही. तिला ढकलून दिलं असतं कुणी, तर उलट ढकलता आलं असतं. पण या सगळ्यांनी तिला मऊ मऊ कापडात गुंडाळून फडताळात वर ठेवून दिलं होतं.

तिच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले आहेत, हे तिला फार पूर्वी कळलं होतं. सगळ्यांच्याच असतात. उजवीकडचा चांगलं लिहितो, डावीकडचा वाईट. पण आजोबा म्हणायचे, आमच्या तामूवरची लेखणी उचललेली आहे. लहान मूल, झोपलेला माणूस, आणि ज्याला समज नाही तो, यांचं काही लिहीत नाहीत. आजोबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत हे सांगायचे, जणू मोठं बक्षीसच मिळालं आहे तिला. लहानपणी तामूला त्या दोघा फरिश्त्यांची काळजी वाटायची. दिवसभर बिनकामाचे बसून त्यांचे पाय अवघडत असतील, दौत सुकली असेल, शेजारच्या खांद्यांवरचे त्यांना हसत असतील. रात्री ती त्यांच्याशी बोलायची, जा, जरा फिरून या म्हणायची. आज चालता चालता तिच्या मनात आलं, पाप लिहीत नाहीत म्हणजे चांगलंही लिहीत नाहीत. इतक्या वर्षांत तिने यम्माचे पाय दाबले, जिनान तापाने फणफणली तेव्हा तिच्या उशाशी बसली, पहाटे उठून जिना धुतला. त्यातलं काहीच कुठे नाही. रोजे तर नाहीतच. ती जगली, आणि कुणी टिपून ठेवलं नाही.

कारखाना म्हणजे एक खोली, तिच्यात चार बायका, आणि रेशमाची रिळं. जेलाब्याच्या गळ्यापासून पायापर्यंत उभ्या ओळीत लागतात त्या बारीक विणीच्या गुंड्या तिथे तयार होत. लल्ला झोहर तिथली मालकीण, तोंडाची फटकळ, नाकावर चष्मा, चष्म्याला दोरी. खोलीच्या मागच्या बाजूला एक पडदा होता. रमजानात दुपारी लल्ला झोहर तामूला त्या पडद्याआड पाठवायची आणि तिथे झाकून ठेवलेली पोळी असायची. तामूला वाटायचं, हा आपला मान आहे. आज ती आत आली, बसली नाही, उभ्या उभ्याच विचारलं की, लल्ला झोहर, दोन अर्धे शिवून एक होत नाही, हे तुम्हाला माहीत होतं का?

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. लल्ला झोहरने चष्मा काढून दोरीवर सोडला. "सगळ्यांनाच माहीत असतं, बाई."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या आईने सांगायचं ते मी कशाला सांगू?"

तामूच्या डोक्यात एकदम तिडीक गेली. तिने ओढणीखालची डबी काढली आणि लल्ला झोहरच्या पुढ्यात उपडी केली. गुंड्या घरंगळत गेल्या, हिरव्या, सोनेरी, एक रिळांच्या खाली गेली. मग ह्यासुद्धा खोट्या का, तिने विचारलं. ह्यासुद्धा माझी समजूत काढायला घेता आणि मागे फेकून देता? तिचा आवाज चढला होता आणि तिला तो थांबवायचा नव्हता. कोपऱ्यातली बाई उठून तिला पाणी आणायला निघाली, मग रोजा आठवून तिथेच थबकली.

लल्ला झोहरने एक गुंडी उचलली, डोळ्यांजवळ धरली, बाजूला ठेवली. दुसरी उचलली. सावकाश, एकेक करून सगळ्या पाहिल्या. "ही वाकडी आहे," ती म्हणाली. "हीसुद्धा. अशा मी उसवते आणि रेशीम परत वापरते. बाकीच्या चांगल्या आहेत, त्या जातात. त्या लोकांच्या अंगावर आहेत, मी काही तुझी आई नाही खोटं बोलायला."

तामूने त्या दोन वाकड्या गुंड्यांकडे पाहिलं. खरंच वाकड्या होत्या. एकीची वीण एका बाजूला फुगली होती. आजवर तिला हे कुणी दाखवलं नव्हतं. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिला वाटलं, पण उलट पायाखाली काहीतरी घट्ट लागल्यासारखं झालं. या वाकड्या, या चांगल्या. म्हणजे चांगल्या खरोखरच चांगल्या. "उसवता तर मला सांगत जा," ती म्हणाली. सांगेन, लल्ला झोहर म्हणाली, पण मग रडायचं नाही. तामू म्हणाली की मी आज रडत नाहीये, मी रागावलेय. ते दिसतंय, लल्ला झोहर म्हणाली, आणि आता ती रिळांखाली गेलेली काढ वाकून, माझी कंबर धरलीय. तामूने ती काढली आणि दुपारपर्यंत खाली मान घालून काम केलं. दुपार झाली तेव्हा पडद्याआड जा असं तिला कुणी म्हटलं नाही. ती आपण होऊन उठली आणि घरी गेली.

घरात तळणाचा वास भरला होता. वहिनी, म्हणजे जिनानची आई कौतर, मधात बुडवायच्या शबाकिया तळत होती, आणि यम्मा जिनानच्या कफ्तानाला शेवटचे टाके घालत होती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तामूचा वाडगा तयार होता. कालचा हरीरा, हरभरे घातलेलं दाट सार, गरम केलेला, वर झाकण, शेजारी पोळीचा तुकडा. आज तिचा पहिला अर्धा होता, दुपारी सुटायचा. यम्माने न पाहताच सांगितलं, खाऊन घे, मग मला जरा सुईत दोरा ओवून दे. तामू म्हणाली, मी नाही खाणार. पोटात दुखतंय का, यम्माने विचारलं. झालं, सुरू झालं. तामू म्हणाली, पोटात काही नाही, माझा रोजा आहे, संध्याकाळची तोफ झाली की खाईन.

यम्माचे हात थांबले. तिने आधी जिनानकडे पाहिलं, आणि जिनानने कफ्तानात तोंड लपवलं, म्हणजे यम्माला सगळं समजलं. ती उठली, वाडगा हातात घेतला, जवळ आली, लाडीगोडी सुरू केली. दोनच चमचे घे, माझ्यासाठी, माझी शहाणी ना ती. दाराशी अब्दुलहक येऊन उभा राहिला होता. तो स्वभावाने गरीब, बहिणीला जपणारा, तिच्यासाठी बाजारातून आठवणीने काहीतरी आणणारा. तो म्हणाला, "कशाला जिवाला त्रास करून घेतेस, तामू? तुला माफ आहे. तुझ्यावरची लेखणी उचललेली आहे, माहीत आहे ना?"

"कुणी उचलली?" तामू म्हणाली. "मला विचारलं होतं?"

अब्दुलहक हसला. लहान मुलाने मोठा प्रश्न विचारला की हसतात तसं, प्रेमाने. त्या हसण्याने तामूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने यम्माच्या हातातला वाडगा घेतला आणि उलटा केला. हरीरा फरशीवर पसरला, हरभरे ओट्याखाली गेले, यम्माच्या पायावर उडालं. या घरात सांडलेला पोळीचा तुकडासुद्धा उचलून, ओठांना लावून, उंच जागी ठेवतात. कौतर कढईवरून वळून बघतच राहिली. तामूने डाव्या खांद्याकडे मान वळवली आणि मोठ्याने म्हणाली, "लिही."

मग ती यम्माकडे वळली. तू खोटारडी आहेस, तिने म्हटलं. हे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडले आणि तिला स्वतःलाच भीती वाटली, पण तिने ते परत घेतले नाहीत. यम्मा पुसायला वाकली. वाकल्या वाकल्याच तिने सांगितलं, अकरा वर्षांची असताना ऐकली नाहीस, पूर्ण दिवस धरलास, उन्हाळा होता, जिन्यावरून पडलीस, डोकं फुटलं, मी तुला उचलून पळत गेले, चप्पलसुद्धा नव्हती माझ्या पायात. माझं मेलीचं काय झालं असेल तेव्हा. तामूला तो जिना आठवत होता. टाके घातल्याची खूण अजून केसांत लागायची हाताला. पण अब्दुलहक सायकलवरून कितीदा पडला, त्याचा दात पडला, हात मोडला. त्याची सायकल कुणी काढून घेतली नाही. हे तिला म्हणायचं होतं, सगळं एकदम म्हणायचं होतं, पण तिचे शब्द नेहमीसारखे दारातच गर्दी करून अडकले, आणि ती गच्चीवर निघून गेली.

गच्चीवर दोऱ्यांवर गोधड्या वाळत होत्या. त्यांच्या मागे, भिंतीच्या सावलीत, ती पाय पोटाशी घेऊन बसली. तहान लागली होती. दुपारनंतरची तहान तिला ओळखीची होती, पण ती सकाळी पोटभर खाल्लेल्या दिवसाची. ही वेगळी होती. जीभ टाळूला चिकटत होती, डोक्यात बारीक घणघण होती. खाली भांड्यांचा आवाज येत होता, आणि तिला पहाटेचा आवाज आठवला. पहाटे मिनारावरून शिंग वाजवतात, लोकांना उठवायला. घरात सगळे उठतात, कुजबुजत खातात, चमचे ताटल्यांना लागतात, कौतर हसते, अब्दुलहक तिला गप्प करतो, हळू, तामू झोपलीय. तामू पांघरुणात डोळे मिटून ऐकत असे. तिला उठवत नाहीत ते प्रेमानेच, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. इथेही तिने कारण शोधून दिलं होतं. आता तिला त्या सगळ्या कारणांचाच राग यायला लागला. कारणं तिने दिली होती. यम्माने एक टाका घातला असेल, बाकीची शिवण तिने स्वतः केली होती, वर्षानुवर्षं, एवढी बारीक की तिची तिलाच दिसली नव्हती. हा राग सगळ्यांत कडू होता. तो धरून ती बरीच उन्हं उतरेपर्यंत बसली, आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं की ती अजून पडली नव्हती. घणघण होती, तहान होती, आणि ती बसली होती व्यवस्थित. मी हळू आहे, ती मनात म्हणाली. माझ्या काही गुंड्या वाकड्या येतात. बाकीच्या जातात.

तेवढ्यात जिन्यावर अनवाणी पावलं वाजली. गोधड्यांच्या फटीतून तिने पाहिलं, तर जिनान. मेंदीने लाल झालेले हात, केसांना बांधलेले कागदी बोळे. ती इकडे तिकडे न पाहता गच्चीवरच्या धुण्याच्या नळाकडे गेली, तोंड लावलं, आणि घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. पुन्हा प्यायली. बाहीने तोंड पुसून वळली, आणि समोर आत्या उभी.

जिनानचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. सांगू नकोस, ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस, सगळे येणार आहेत, फोटोवाला येणार आहे. मग रडता रडता तिने तामूचा हात धरला. "आत्या, आजी शिवेल ना? एवढंसंच तर राहिलंय."

"तूच म्हणालीस ना, ते खोटं असतं," तामू म्हणाली.

हे बोलताना तिला बरं वाटलं. कबूल करायला हवं, छान वाटलं. सकाळी ज्या तोंडाने हिने तुला माहीत नव्हतं का विचारलं होतं, ते तोंड आता शेंबडाने भरलं होतं, आणि आता काहीतरी तामूच्या हातात होतं. ती खाली जाऊन एक वाक्य बोलली असती तर ती खुर्ची, तो मुकुट, तो फोटोवाला, सगळं जागच्या जागी मोडलं असतं. आणि मग कदाचित अब्दुलहक हसला नसता. तिने हात सोडवून घेतला. जा, तिने सांगितलं, तोंड धू आणि केस ओले करू नकोस. सांगणार का नाही, हे ती बोलली नाही. बोलायला तिला अजून ते ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी खोली माणसांनी भरली. कौतरची आई हाज्जा रकिया आली, शेजारणी आल्या, लल्ला झोहरसुद्धा कोपऱ्यात बसली होती. उंच खुर्चीवर हिरव्या कफ्तानात जिनान, डोक्यावर मुकुट, डोळ्यांत काजळ, अगदी गप्प. कफ्तानाच्या पुढच्या बाजूने गुंड्यांची लांब ओळ. त्यांतल्या काही आपल्या आहेत, हे तामूला माहीत होतं. सगळे म्हणत होते, पोर दमली बिचारी, मोठा दिवस होता. तामू भिंतीला टेकून उभी होती. तिला आता पाय जाणवत नव्हते, पण ती उभी होती. जिनान मधून मधून फक्त तिच्याकडे बघत होती.

टेकडीवरची तोफ झाली, पाठोपाठ अजान. बायकांनी तोंडाजवळ हात नेऊन आनंदाचा लांब सूर काढला. कौतरने दुधाचा प्याला आणि खजूर पुढे केले. तेव्हा यम्मा म्हणाली, थांब, आधी तामूचा हात. ये गं तामू, पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि दुवा दे. हाज्जा रकिया सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्यावर एका पापाचा डाग नाही. हिची दुवा थेट वर जाते." यम्माच्या डोळ्यांत विनवणी होती. दुपारचं सगळं या एका हाताने मिटून जावं, असं तिला वाटत होतं, ते तामूला स्वच्छ दिसलं.

तामूने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नाही ठेवणार."

कुणीतरी म्हणालं, लाजते.

"लाजत नाही. मला राग आलाय." शब्द दारात गर्दी करायला लागले, तशी ती थांबली, एकेकाला पुढे येऊ दिलं. "मी दुपारी अन्न सांडलं, मुद्दाम. यम्माला खोटारडी म्हणाले. मला पाप लागतं. आणि मी रात्रीपासून काही खाल्लं नाही, पाणीही नाही. तेही मोजायचं." ती जिनानकडे बघत होती. मुकुटाखाली पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आणखी एक आहे. ते मी सांगणार नाही."

"काय सांगणार नाहीस?" अब्दुलहकने विचारलं. तो हसत नव्हता.

"नाही सांगणार म्हटलं ना."

आणि ती खरंच सांगणार नव्हती. हे तिला बोलून झाल्यावर कळलं. लपवणं म्हणजे खोटं बोलणं का, असेल. दुसऱ्याची चूक झाकणं चांगलं, असं आजोबा म्हणायचे, तेही असेल. डाव्या खांद्यावरचा म्हणत असेल माझ्याकडे लिहायचं, उजवीकडचा म्हणत असेल माझ्याकडे, आणि आता दोघांची चांगली जुंपली असेल तिच्या मानेमागे. जुंपू दे. इतकी वर्षं बसून खाल्लं मेल्यांनी.

कौतरने गडबडीने खजूर जिनानच्या ओठांपाशी नेला. जिनानने तोंड मिटून घेतलं आणि मान हलवली. "आत्या आधी," ती म्हणाली. सगळ्यांनी वाहवा केली, काय वळण आहे पोरीला. लल्ला झोहरने मात्र चष्मा लावून आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे पाहिलं, आणि चष्मा पुन्हा दोरीवर सोडला. तामू पुढे झाली, ताटातला खजूर स्वतःच्या हाताने उचलला, बिसमिल्लाह म्हणाली, आणि खाल्ला. मग पाणी. ते पाणी घशातून खाली जाताना तिला थेंबन् थेंब कळत होतं, छातीपर्यंत, मग पोटात. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

माणसं जेवायला बसली तेव्हा यम्मा तिच्या शेजारी येऊन बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, मला भीती वाटायची गं, तू पुन्हा पडशील म्हणून. तामूला ते कळलं. यम्माच्या हाताला अजून दुपारच्या हरीऱ्याचा वास येत होता, आणि तो हात तिला हवाच होता. पण राग काही गेला नाही. तो तिच्या शेजारी, यम्मासारखाच, मांडी घालून बसून राहिला. तिने हात पुढे केला आणि यम्माच्या छातीशी टोचलेली सुई, तिच्यातल्या हिरव्या दोऱ्यासकट, काढून घेतली. आपल्या सदऱ्याच्या गळ्याशी टोचली.

"आता शिवायचं नाही," ती म्हणाली.

"नाही शिवणार."

"आणि पहाटे शिंग वाजलं की मला उठवायचं."

"उठवीन. तुझी झोप मोडते म्हणून..."

"माझी झोप नाही मोडत, यम्मा," तामू म्हणाली. "मी रोज जागीच असते."